संग्राहकाचें स्वप्न आणि खर्चाची मर्यादा

छंद हा विषय नीतिशास्त्राच्या कक्षेंत येतो कीं नाहीं, याचा शास्त्रकारांनीं फारसा विचार केलेला दिसत नाहीं. व्यसनाची निंदा सर्वांनीं केली आहे, कर्तव्याची स्तुति सर्वांनीं गायिली आहे. परंतु या दोहोंच्या मध्यें जो विस्तीर्ण प्रदेश आहे, ज्यांत सुशिक्षित संसारी मनुष्याच्या फुरसतीचा बहुतेक आणि मिळकतीचाहि बराच भाग खर्ची पडतो, त्याचा नकाशा कोणी काढलेला नाहीं. छंद निरुपद्रवी असतो असें गृहीत धरून आपण त्याकडे किंचित् हसून पाहतों आणि पुढें जातों. पण ज्या गोष्टीसाठीं मनुष्य पै पै सांठवितो, रात्रीं जागतो, प्रसंगीं घरांत खोटेंहि बोलतो, आणि जी हातीं न लागली तर आयुष्यांत कांहीं तरी उणें राहिलें असें मानतो, ती गोष्ट नीतिविचारांतून वगळणें आम्हांस तरी युक्त वाटत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत अशाच एका छंदाचें उदाहरण घेऊन, इच्छेला मर्यादा कोणी घालावी, कोठें घालावी, आणि ती घातल्यावर इच्छेचें काय होतें, या प्रश्नांचा थोडासा ऊहापोह करण्याचें योजिलें आहे.

उदाहरण परदेशचें आहे, आणि तें मुद्दामच तसें घेतलें आहे. कारण आपल्या घरांतल्या छंदाकडे तटस्थपणें पाहणें कठीण असतें. आपल्याकडे क्रिकेटचें जें स्थान, तें अमेरिकेंत बेसबॉलचें. या खेळांतील खेळाडूंचीं चित्रें छापलेलीं लहान लहान कार्डें जमविण्याचा नाद तेथें शंभराहून अधिक वर्षें चालत आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटचें पाकीट चुरगळूं नये म्हणून त्यांत जाड कागदाचा एक तुकडा घालीत. त्या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापलें तर पुढचें चित्र मिळविण्यासाठीं गिऱ्हाईक तेंच पाकीट पुन्हां मागेल, ही युक्ति व्यापाऱ्यांना सुचली. १९०९ ते १९११ या अवधींत अमेरिकन टोबॅको कंपनीनें आपल्या निरनिराळ्या सिगारेटींबरोबर जी माला वांटली, तिच्यांत एकंदर ५२४ कार्डें धरतात; प्रत्येक कार्ड सुमारें दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडें अधिक लांब. पुढें तंबाखूची जागा चघळण्याच्या गोड गोंदानें घेतली, आणि १९५२ सालीं टॉप्स कंपनीनें ४०७ कार्डांची एक मोठी माला काढली.

या दोन मालांतील दोन कार्डें संग्राहकांच्या जगांत तीर्थक्षेत्रासारखीं होऊन बसलीं आहेत. पहिलें होनस वॅग्नर या पिट्सबर्गच्या खेळाडूचें. १९३६ सालीं बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठीं ज्या पहिल्या पांच खेळाडूंची निवड झाली, त्यांपैकीं वॅग्नर हा एक. त्याचें कार्ड छापावयास लागल्यावर लवकरच तें बंद झालें. मुलांनीं आपल्या चित्रासाठीं सिगारेटी विकत घ्याव्या हें त्याला रुचलें नाहीं, असें एक मत. कंपनीनें पुरेसा मोबदला देऊं केला नाहीं म्हणून त्यानें अडविलें, असें दुसरें. कारण कोणतेंहि असो, आज त्या कार्डाच्या साठांच्या आसपासच प्रती ठाऊक आहेत. १९३० नंतरच्या दशकांत एका सूचींत त्याची किंमत ५० डॉलर दिलेली होती, आणि त्या काळीं ती सर्वांत मोठी गणली जात असे. २०२२ सालीं त्याची एक प्रत साडेबहात्तर लाख डॉलरांस विकली गेली. दुसरें कार्ड मिकी मँटल याचें, १९५२ च्या मालेंतलें. त्या मालेचा शेवटचा भाग हंगाम सरतां सरतां दुकानांत आला, खपला नाहीं, वर्षानुवर्षें गोदामांत पडून राहिला, आणि १९६० सालीं कंपनीनें तो शिल्लक माल गलबतावर घालून अटलांटिक महासागरांत बुडविला. त्याच भागांतील मँटलचें एक उत्तम स्थितींतलें कार्ड १९९१ सालीं ५० हजार डॉलरांस घेतलेलें होतें. तें २०२२ च्या ऑगस्टमध्यें एक कोटि सव्वीस लाख डॉलरांस गेलें.

पाण्याचें मोल नाहीं आणि हिऱ्याचें इतकें कां, असा प्रश्न ॲडम स्मिथनें उपस्थित केला त्याला अडीचशें वर्षें होत आलीं. त्याचें उत्तर अर्थशास्त्रानें दुर्मिळतेच्या तत्त्वावर दिलें आहे. परंतु मँटलच्या कार्डाला तें उत्तर पुरें पडत नाहीं. कारण तें कार्ड वॅग्नरच्या कार्डाइतकें दुर्मिळ मुळींच नाहीं, त्याच्या प्रती शेंकड्यांनीं उपलब्ध आहेत. तें सर्वांना हवें आहे म्हणून प्रत्येकाला हवें आहे. व्हेब्लेन या अमेरिकन पंडितानें १८९९ सालीं आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, पुष्कळशा वस्तूंची किंमत हीच त्यांची मोहिनी असते. तेव्हां संग्राहकाच्या इच्छेंत वस्तूचें प्रेम किती आणि इतरांच्या इच्छेचें प्रतिबिंब किती, हा विवेक त्यानें करावयाचाच असतो. आणि तो कोणाहि दुसऱ्यास त्याच्यासाठीं करतां येत नाहीं.

आतां हा छंद करणारे सर्वच लोक कोट्यधीश असतात असा समज होऊं देऊं नये. त्यांतील फार मोठा वर्ग शाळामास्तर, कारकून, कारागीर, नोकरींतून निवृत्त झालेले गृहस्थ यांचा आहे. १९०९ च्या मालेंतलें एखाद्या सामान्य खेळाडूचें, कोपरे झिजलेलें कार्ड शंभर डॉलरांच्या आंत मिळूं शकतें, आणि अशींच कार्डें हे लोक एकेक करून जमवितात. प्रत्येकाजवळ हव्या असलेल्या कार्डांची एक यादी असते, आणि तिच्या अग्रभागीं एक नांव असतें. त्याला ते 'स्वप्नांतलें कार्ड' असें म्हणतात. त्याच वेळीं बहुतेकांनीं मनाशीं एक आंकडाहि ठरविलेला असतो: महिन्यास इतके, वर्षास इतके, याच्या वर नाहीं. स्वप्न आणि मर्यादा यांचा असा संसार एकाच मनांत चाललेला असतो, आणि इतर संसारांप्रमाणें त्यांतहि खटके उडतात.

आमचा एक जुना विद्यार्थी गेलीं वीस वर्षें पिट्सबर्ग शहरीं नोकरीनिमित्त राहतो. तिकडे जन्मलेल्या मुलाबरोबर खेळ पाहतां पाहतां त्याला या कार्डांची गोडी लागली. नवराबायकोंनीं मिळून वर्षाला बाराशें डॉलरांची मर्यादा ठरविली, आणि सहा वर्षें ती बिनबोभाट पाळली गेली. मग टाय कॉब या विख्यात खेळाडूचें, तांबड्या पार्श्वभूमीवरचें कार्ड त्याच्या मनांत भरलें. एका लिलांवांत येऊं घातलेली प्रत दोन हजारांच्या पुढें जाईल असा त्याचा अदमास होता. त्यानें आम्हांस लिहिलें, "सर, सहा वर्षें नियम पाळल्यावर एकदां मोडला तर त्यांत अधर्म कोणता? पैसे आमच्याजवळ आहेत, कर्ज काढावयाचें नाहीं, मुलाच्या शिक्षणाच्या रकमेस हात लावावयाचा नाहीं." आणि पत्राच्या शेवटीं एक ओळ होती: "घरांत अजून सांगितलेलें नाहीं."

हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं मर्यादा या शब्दाच्या पोटांत जे तीन अर्थ आहेत ते वेगळे केले पाहिजेत. पहिली मर्यादा ऐपतीची. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण तिच्यापुरतीच बोलते. दुसरी मर्यादा कर्तव्याची. ऐपत असूनहि जो पैसा दुसऱ्या कोणाच्या वांट्याचा आहे, मग तें मूल असो, वृद्ध आईबाप असोत, किंवा ज्यांच्या श्रमावर आपली मिळकत उभी आहे तीं माणसें असोत, तो खर्च करण्याचा आपणांस अधिकार नसतो. तिसरी मर्यादा वस्तूच्या योग्यतेची. ऐपत आहे, कर्तव्यांत उणेपणा नाहीं, तरीसुद्धां ही वस्तु आपल्या आयुष्यांतला इतका भाग मागण्यास पात्र आहे काय, हा प्रश्न उरतोच. आमच्या विद्यार्थ्यानें पहिल्या मर्यादेचा हिशेब चोख दिला होता, दुसरीचाहि बराचसा दिला होता. तिसरीचा विचार पत्रांत नव्हता. आणि त्या शेवटच्या ओळीनें दुसरीच्या हिशेबांतहि एक रकाना रिकामा असल्याचें उघड केलें होतें.

कारण ती बाराशेंची मर्यादा त्याची एकट्याची नव्हती. ती दोघांनीं घातली होती. संग्राहकांच्या बोलण्यांत एक विनोद नेहमीं ऐकूं येतो, कीं आपण गेल्यावर बायकोनें हीं कार्डें आपण तिला सांगितलेल्या किंमतीस विकूं नयेत म्हणजे झालें. विनोद चांगला आहे, पण त्यांत एक कबुलीजबाब दडलेला आहे. जी किंमत घरांत सांगतां येत नाहीं ती, रक्कम कितीहि लहान असली तरी, मर्यादेच्या पलीकडची असते. आणि जी सांगतां येते ती पुष्कळदां रक्कम मोठी असूनहि मर्यादेच्या आंत बसते. संसारांत पैशाच्या अपव्ययानें जितकी घरें मोडतात, त्याहून अधिक पैशाविषयींच्या लपवालपवीनें मोडतात, असा आमचा तरी अनुभव आहे.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो, आणि तो सध्यांच्या काळीं फार लोकप्रिय आहे. हा खर्चच नव्हे, ही गुंतवणूक आहे, असें म्हटलें कीं मर्यादेचा प्रश्न आपोआप मिटतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. मँटलच्या त्या कार्डाची किंमत एकतीस वर्षांत दोनशें बावन्न पट झाली, हें खोटें नाहीं. परंतु ज्या काळांत तें कार्ड घेतलें गेलें त्याच सुमारास, म्हणजे १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत आणि १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, अमेरिकेंतील असंख्य कुटुंबांनीं त्या त्या वर्षीं छापलेल्या नव्या कार्डांचे खोके न उघडतां माळ्यावर ठेवून दिले. मुलें मोठीं झालीं म्हणजे त्यांच्या शिक्षणाचा खर्च यांतून निघेल, असा त्यांचा हिशेब होता. कंपन्यांनीं तीं कार्डें इतक्या प्रचंड प्रमाणांत छापलीं होतीं, आणि सर्वांनींच तीं इतकीं जपून ठेवलीं होतीं, कीं आज त्यांतील बहुतेकांना विचारणारा कोणी नाहीं. जुनीं कार्डें मोलाचीं झालीं, कारण पूर्वींच्या आयांनीं तीं केरांत टाकलीं. नवीं कवडीमोल झालीं, कारण कोणीच टाकलीं नाहींत. शहाणपणानें सर्वांनीं एकच गोष्ट केली कीं तींतलें शहाणपण नाहींसें होतें, याचें यापेक्षां स्पष्ट उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

शिवाय गुंतवणुकीच्या युक्तिवादांत एक आत्मवंचना आहे. गुंतवणूक ती, जी योग्य भाव येतांच मनुष्य विकावयास तयार असतो. स्वप्नांतलें कार्ड तें, जें विकण्याची कल्पनाहि सहन होत नाहीं. एकच वस्तु एकाच वेळीं दोन्ही असूं शकत नाहीं. घेतांना तिला गुंतवणूक म्हणावयाचें आणि घेतल्यावर स्वप्न म्हणून कवटाळावयाचें, यांत फसवणूक होते ती दुसऱ्या कोणाची नव्हे.

आतां दुसऱ्या टोंकाचा आक्षेप पाहूं. विरक्त मनुष्य म्हणेल, कीं मर्यादा ठरविण्याची ही दगदग कशाला? इच्छाच सोडा. उपभोगानें इच्छा शमत नाहीं, हा धडा महाभारतांतील ययातीनें पुत्राचें तारुण्य उसनें घेऊन सहस्र वर्षें भोगल्यावर घेतला. आणि पतंजलीनें यमांच्या पंचकांत अपरिग्रहास स्थान दिलें आहे. या विचाराचा अधिकार आम्ही अमान्य करीत नाहीं. परंतु तो मार्ग ज्यानें खरोखर स्वीकारला त्याच्यापुरता आहे. घर, विमा, मुलामुलींची लग्नें, सेवानिवृत्तीचें वेतन या सर्वांचा परिग्रह यथासांग करून, शेजाऱ्याच्या चार कार्डांच्या वेळींच जो अपरिग्रहाचा उपदेश करतो, त्याचें वैराग्य संशयास्पद होय. गृहस्थाश्रमी मनुष्याला इच्छेसह जगावयाचें असतें, आणि म्हणूनच त्याला मर्यादेचें शास्त्र लागतें. संन्याशाला त्याची गरज नसते.

होमरच्या महाकाव्यांत ओडिसियसची एक कथा आहे, ती येथें फार उपयोगी पडते. ज्यांचें गाणें ऐकून खलाशी भुलतात आणि खडकावर आपटून मरतात, अशा गायिकांच्या बेटाजवळून त्याला जावयाचें होतें. त्यानें आपल्या खलाशांच्या कानांत मेण भरलें. स्वतःच्या कानांत मात्र भरलें नाहीं. त्यानें स्वतःला डोलकाठीस बांधून घेतलें, आणि गाणें ऐकतांना मी सोडा म्हणालों तर दोर अधिकच आवळा, अशी आज्ञा आगाऊ देऊन ठेवली. मेण घातलेले खलाशी हे विरक्त. खडकावर आपटलेले हे अमर्याद. आणि गाणें तर ऐकावयाचें पण तारूं बुडूं द्यावयाचें नाहीं, अशी ज्याची इच्छा, तो गृहस्थ. या कथेंतल्या दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. बंधन गाणें सुरू होण्यापूर्वीं घातलें गेलें होतें. आणि दोराची गांठ दुसऱ्यांच्या हातांत होती.

लिलांवाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना पहिल्या गोष्टीचें मर्म सांगावयास नको. बोली पन्नास पन्नासांनीं चढते, आणि प्रत्येक वेळीं प्रश्न 'दोन हजार द्यावे काय' असा नसतो; 'आणखी पन्नासच' असा असतो. हातोडा पडल्यावर लिलांवदाराची दलाली, बहुधा शेंकडा वीसच्या आसपास, वेगळीच द्यावी लागते. त्या क्षणीं मनुष्याची विचारशक्ति त्याच्या मत्सराची चाकरी करीत असते. म्हणून मर्यादा ही शांत मनानें ठरवावयाची आणि क्षुब्ध मनानें पाळावयाची गोष्ट आहे. सहा वर्षें पाळलेला नियम एकदां मोडण्यास हरकत कोणती, या प्रश्नाचें उत्तर यांतच आहे. नियम बदलण्यास हरकत नाहीं. पण तो ज्यांनीं घातला त्यांनीं मिळून, गाणें सुरू नसतांना बदलावा. मोडणें आणि बदलणें यांतला फरक रकमेंत नाहीं, तो वेळेंत आणि उघडपणांत आहे.

परंतु मर्यादा पाळली म्हणजे स्वप्नाचें काय होतें? येथें आम्हांस जेफर्सन बर्डिक या गृहस्थाची आठवण होते. सिरॅक्यूज शहरांतील विजेच्या सामानाच्या कारखान्यांत काम करणारा, संधिवातानें हातपाय आंखडलेला, एकटा राहणारा हा मनुष्य. त्यानें आयुष्यभर छापील कागदाच्या चिटोऱ्यांचा संग्रह केला. वर सांगितलेली ५० डॉलरांची किंमत त्याच्याच सूचींतली. अमेरिकन कार्डांची जी पहिली शास्त्रशुद्ध वर्गवारी त्यानें रचली, तिच्यांत सिगारेटच्या त्या मालेस त्यानें 'टी २०६' असा क्रमांक दिला, आणि आज लाखों डॉलर मोजणारे लोकहि तिला त्याच नांवानें ओळखतात. १९४७ पासून त्यानें आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमला देण्यास आरंभ केला, आणि पुढें स्वतः तेथें बसून, दुखऱ्या बोटांनीं, एकेक कार्ड वह्यांत चिकटविलें. तीन लाखांहून अधिक चिटोरे, त्यांत तीस हजारांवर बेसबॉलचीं कार्डें. १९६३ च्या जानेवारींत काम पुरें झालें. मार्चमध्यें तो वारला. त्या वह्यांत वॅग्नरचेंहि कार्ड आहे. बर्डिकच्या खिशाची मर्यादा फार आंखूड होती; परंतु जें इतरांना केर वाटत होतें त्यावर त्याची दृष्टि गेली, आणि त्या दृष्टीला मर्यादा नव्हती. आपल्या पुण्याच्या दिनकर केळकरांनीं समया, अडकित्ते, दौती असल्या घरगुती वस्तूंचा संग्रह करून तो महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला, तोहि याच जातीचा पुरुषार्थ होय. अशा माणसांच्या बाबतींत संग्रह हा शेवटीं दानाचा एक प्रकार ठरतो.

याच्या उलट, मर्यादा न जाणणारी इच्छा वस्तूचें काय करते, याचाहि दाखला या छंदाच्या इतिहासांत आहे. कार्डांची प्रत १ ते १० या आंकड्यांनीं ठरविणारी एक संस्था १९९१ सालीं निघाली, आणि तिनें प्रमाणित केलेलें अगदीं पहिलें कार्ड म्हणजे वॅग्नरची एक प्रत. तिला ८ हा आंकडा मिळाला. इतक्या जुन्या कार्डाचे कोपरे इतके धारदार कसे, याचें सर्वांना नवल वाटे. त्याच वर्षीं तें ४ लाख ५१ हजार डॉलरांस विकलें गेलें, २००७ सालीं २८ लाखांस. २०१३ सालीं एका व्यापाऱ्यानें न्यायालयापुढें गुन्हा कबूल करतांना हेंहि मान्य केलें, कीं तें कार्ड आपल्या हातीं असतांना आपणच त्याच्या कडा कापल्या होत्या. जें कार्ड सर्वांत निर्दोष म्हणून पूजिलें गेलें, त्याचा निर्दोषपणा कात्रीचा होता. पूर्णतेचा हव्यास वस्तूला तिच्या स्वाभाविक झिजेसह स्वीकारूं शकत नाहीं. मग तो तिला कापून आपल्या कल्पनेच्या मापाची करतो. माणसांच्या बाबतींतहि आईबाप आणि शिक्षक हेंच करतात, हें वाचकांस सुचल्यावांचून राहणार नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यानें पुढें काय केलें तें येथें सांगतों. त्यानें घरांत सांगितलें. दोघांनीं मिळून ठरविलें कीं वरचे पैसे घालावयाचे नाहींत. त्याऐवजीं जवळचीं चाळीस लहान कार्डें काढून टाकावीं, त्यांचे येतील ते पैसे आणि त्या वर्षींचे बाराशें यांत जी प्रत मिळेल ती घ्यावी. ती लिलांवांतली प्रत दुसऱ्या कोणी नेली. सात महिन्यांनीं त्याला एक निकृष्ट प्रत मिळाली. कोपरे गोल झालेले, मधून एक घडी, आणि पाठीमागें शिसपेन्सिलीनें लिहिलेलें कोणा मुलाचें नांव. प्रतवारीच्या आंकड्यांत तिला सर्वांत खालची पायरी मिळेल, असें त्यानें लिहिलें होतें.

कोल्ह्याला द्राक्षें आंबट, असें यावर कोणी म्हणेल. जें परवडलें नाहीं त्याची महती कमी करून जें परवडलें त्यांत समाधान मानणें ही मनाची जुनी खोड आहे, हें आम्ही मान्य करतों. परंतु या ठिकाणीं थोडा अधिक विचार केला पाहिजे. दहापैकीं नऊ आणि दहा गुणांचीं जीं जुनीं कार्डें आहेत, तीं तशीं राहिलीं, कारण तीं कोणा मुलाच्या हातीं फारशीं गेलींच नाहींत. पेटीच्या तळाशीं पडून राहिलीं, विसरलीं गेलीं. ज्या कार्डांवर घडी आहे, टांचणीचें भोंक आहे, नांव आहे, तीं कोणी तरी खिशांत घालून हिंडला, मित्राला दाखविलीं, उशीखालीं ठेवून झोंपला. अर्थात् पांढरेशुभ्र, धारदार कोपऱ्यांचें कार्डहि सुंदर असतें, तें मिळालें असतें तर आमच्या विद्यार्थ्यास आनंदच झाला असता, आणि आम्ही त्याला दोष दिला नसता. आमचें म्हणणें इतकेंच, कीं मर्यादेनें त्याला कमी प्रतीची वस्तु दिली असें म्हणतांना आपण प्रत कशाची मोजतों आहों, हें पाहावें. बाजार कागदाची प्रत मोजतो. २०२१ सालीं वॅग्नरच्या कार्डाचा एक फाटका अर्धा भाग पावणेपांच लाख डॉलरांच्या वर विकला गेला, तेव्हां बाजारालाहि कागदाच्या प्रतीपलीकडचें कांहीं तरी मोजावें लागलें.

मग मर्यादेच्या पलीकडे राहिलेल्या स्वप्नाचें काय करावें? तें टाकून द्यावें असें आम्हांस वाटत नाहीं. ॲरिस्टॉटलनें सद्गुण हा दोन टोंकांच्या मधला ठरविला, परंतु तो मध्य अंकगणितानें काढतां येत नाहीं, माणसागणिक तो वेगळा असतो, असेंहि त्यानें बजाविलें आहे. एखाद्याच्या मनांत वॅग्नरचें कार्ड असावें आणि त्यानें जन्मभर चाळीस डॉलरांचीं कार्डें घेत राहावें, यांत विसंगति नाहीं. मात्र एक परीक्षा त्यानें अधून मधून आपणांस लावावी. त्या मोठ्या स्वप्नामुळें हातांतल्या लहान कार्डाकडे पाहण्याची त्याची गोडी वाढते, कीं कमी होते? वॅग्नरचा विचार करतां करतां त्याच मालेंतील अप्रसिद्ध खेळाडूंचीं नांवें, त्यांचे संघ, त्यांचीं गांवें त्याला माहीत होत जात असतील, तर स्वप्न त्याला शिकवीत आहे. तेंच स्वप्न हातांतल्या कार्डाला तुच्छ लेखावयास लावीत असेल, घरांतल्या माणसांपासून तोंड चुकवावयास लावीत असेल, तर मग रक्कम मर्यादेच्या आंत असली तरी मर्यादा ओलांडली गेली आहे.

संग्रह हा पुढें कोणाच्या तरी हातीं जातोच. बर्डिकचा वस्तुसंग्रहालयांत गेला, बहुतेकांचा मुलांच्या हातीं जातो, आणि मुलांना त्यांतलें कांहींच नको असतें असाहि अनुभव आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या त्या कार्डावर ज्या मुलाचें नांव आहे, त्याचा तें जपण्याचा कोणताहि विचार नसावा. त्याला तें आवडलें, त्यानें त्यावर आपलें नांव घातलें, आणि पुढें तो मोठा झाला. खर्च किती करावा, याचा आंकडा दर घरचा वेगळा राहणार आणि तो सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. मात्र तो आंकडा शांत वेळीं ठरावा, घरांत सर्वांस ठाऊक असावा, आणि बदलावयाचा झाल्यास सर्वांदेखत बदलावा, एवढें सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. कार्डांच्या जागीं पुस्तकें, नाणीं, पोस्टाचीं तिकिटें, गाण्याच्या तबकड्या, किंवा पैठण्या यांपैकीं काय घालावयाचें, तें ज्यानें त्यानें आपल्या घराकडे पाहून ठरवावें.